पान एकशे बेचाळीसचं शुद्धिपत्र

त्या वर्षी आम्ही पॅसिफिकचं युद्ध तिसऱ्यांदा जिंकत होतो.

पहिल्यांदा पाणबुड्यांच्या जोरावर जिंकायला निघालो, पण तो लेखक दारूपायी हवाई बेटांच्या अलीकडेच अडकला. दुसऱ्यांदा जेट विमानं काढली, तर त्या लेखकाचं लग्न झालं आणि बायकोने युद्ध बंद करायला लावलं. तिसरी मालिका मात्र जोरात होती. ‘अजिंक्य आरमार’. दर दोन महिन्यांनी एक भाग, मुखपृष्ठावर तिरकी युद्धनौका, मागे लालभडक आकाश. ९४ साल होतं. बाहेर धंदे बुडत होते, कंपन्या माणसं काढत होत्या, आणि टाय लावलेले पुरुष जेवणाच्या सुट्टीत बागेतल्या बाकावर बसून जपानने पन्नास वर्षांपूर्वी हरलेलं युद्ध जिंकत होते. आम्ही त्यांना दारूगोळा पुरवायचो. आमचं प्रकाशनाचं ऑफिस जिंबोचोत, पुस्तकांच्या दुकानांच्या वस्तीत, एका करीच्या हॉटेलच्या वर. त्यामुळे आमच्या प्रत्येक विजयाला करीचा वास असायचा.

मी हिरामात्सु, या मालिकेची संपादक. मालक तोगावासाहेब. आणि लेखक उशिओदा मास्तर, वय सत्तेचाळीस. आधी ते भात शिजवायच्या इलेक्ट्रिक कुकरची माहितीपुस्तकं लिहायचे. ती सवय गेली नव्हती. त्यांच्या लढाईत ऐन वेळी असं वाक्य यायचं: ‘टॉर्पेडो सोडण्यापूर्वी झाकण नीट बसल्याची खात्री करण्यात आली.’ वाचकांना तेच आवडायचं. खरं वाटायचं म्हणे.

मास्तरांचा एक नियम होता. इतिहासात फक्त एकच बदल करायचा. एक खिळा हलवायचा, मग घर आपोआप कलतं. दुसरा खिळा हलवला की ती भामटेगिरी. त्यांचा खिळा म्हणजे रडारचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे. खऱ्या युद्धात आपले व्हॉल्व्ह फटाफट जळायचे आणि रडार आंधळं व्हायचं. मास्तरांच्या युद्धात कमांडर शिराताका नावाचा नौदलाचा तंत्रज्ञ एक्केचाळीस सालीच नव्या मिश्रधातूची तार शोधतो, व्हॉल्व्ह जळायचे थांबतात, आणि मग शत्रूची काही खैर नसते.

आता कार्डांचं सांगते, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

प्रत्येक पुस्तकात आम्ही एक कार्ड घालतो. नाव, वय, कोणती जागा आवडली, काय खटकलं. वाचक भरतो आणि टपालात टाकतो. बहुतेक कार्डांवर ‘तोफा मोठ्या करा’ असतं. काहींवर ‘चौथ्या भागात बुडालेलं जहाज परत आणा, मी त्याचं मॉडेल केलंय’ असतं. आणि पहिल्या भागापासून एक कार्ड न चुकता यायचं. जांभळी शाई, बारीक अक्षर. नावाच्या जागी ‘तिसरी रांग, सातवी जागा’. वय, पंधरा.

पहिलं कार्ड असं होतं: ‘पान ८८. व्हॉल्व्हची तार बसवताना शिंकायला बंदी असायची, ते राहिलंय.’

मास्तर उडालेच. “हिरामात्सुबाई, हे कुठल्याच पुस्तकात नाही हो! हा माणूस तिथे होता!”

“पंधरा वर्षांचा आहे मास्तर.”

“छे! वय चोरतोय. नौदलातला म्हातारा आहे. मुरलेला.”

दुसऱ्या भागाला: ‘पान ३१. चिमटा उजव्या हातात नाही, दोन्ही हातात असतो.’ तिसऱ्याला: ‘पान २०४. एवढ्या वेळात अकरा व्हॉल्व्ह होतात, चाळीस नाही. करून बघा.’ मास्तरांनी खरंच करून बघितले, काडेपेटीच्या काड्या आणि चिमटा घेऊन. सात झाले. त्या दिवसापासून ते त्या म्हाताऱ्याला भिऊ लागले. नवा भाग छापून आला की आधी विक्री विचारायची सोडून “त्याचं कार्ड आलं का?” असं विचारायचे.

मग आठवा भाग आला. आठव्या भागात पान एकशे बेचाळीस आहे.

हे पान मास्तरांनी लिहिलेलं सर्वात गाजलेलं पान. कमांडर शिराताका एप्रिलातल्या एका बुधवारी व्हॉल्व्हच्या कारखान्यात येतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, कारखान्याचा वीज बंद ठेवायचा दिवस, म्हणजे कामावरच्या मुलींची सुट्टी. कमांडर बाकावर उभा राहून भाषण करतो, डोळ्यांत पाणी आणतो. मुली एका आवाजात ‘आम्हाला सुट्टी नको!’ म्हणतात. गुरुवारी सकाळी बनवलेले ऐंशी व्हॉल्व्ह ट्रकमधून बंदरावर जातात आणि दुपारी कारखान्यावर बॉम्ब पडतात. चाळीस मुली हसतमुखाने जातात. पण ते ऐंशी व्हॉल्व्ह आरमाराला मिळतात आणि पान दोनशे दहावर आपण जिंकतो. तोगावासाहेब प्रूफं वाचताना रडले होते. साहेब करीतला कांदा जास्त झाला तरी रडतात, तो भाग वेगळा.

आठवड्याभरात जांभळं कार्ड आलं.

‘पान १४२. तुमचा कमांडर गाढव आहे. गुरुवारी सुट्टी द्या.’

बास. एवढंच.

मास्तरांची झोप उडाली, आणि त्यांच्यापायी माझी. नववा भाग तीन आठवड्यांत द्यायचा होता आणि एक ओळ पुढे सरकत नव्हती. सकाळी दहा ते बारात त्यांचे अकरा फोन आले.

“गाढव म्हणजे कुठल्या अर्थाने? तांत्रिकदृष्ट्या?”

“मास्तर, एक कार्ड आहे. फाडून टाका.”

“फाडून कसं चालेल? आठ भागांत हा माणूस एकदाही चुकलेला नाही! आता तो म्हणतो सुट्टी द्या. का द्या? काहीतरी तांत्रिक कारण असणार. वीज? दाब? ते कळल्याशिवाय मी नववा भाग लिहिणार नाही. मला तो माणूस शोधून द्या.”

“आणि नाही सापडला तर?”

“मग युद्ध इथेच थांबलं.”

मी तोगावासाहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पंचेचाळीस सालच्या ऑगस्टसारखा झाला. “शोध बाई,” ते म्हणाले. “जपानची लाज तुझ्या हातात आहे.”

कार्डावरचा टपालाचा शिक्का मास्तरांच्याच वस्तीचा होता, तामा नदीच्या काठच्या. म्हणजे म्हातारा जवळच कुठेतरी राहत होता. आम्ही दोघं हिंडायला लागलो. पहिला संशय न्हाव्यावर. तो खरोखर नौदलात होता, पण चौकशीअंती कळलं की तिथेही न्हावीच होता, आणि तीन वर्षांत त्याने समुद्र फक्त खिडकीतून पाहिला होता. मग मास्तरांच्या डोक्यात आलं, तिसरी रांग, सातवी जागा. रांगा कुठे असतात?

“पाचिंको!” ते भर रस्त्यात ओरडले.

स्टेशनसमोरच्या पाचिंकोच्या जुगारी अड्ड्यात आम्ही शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आत शंभर मशीनं, हजारो पोलादी गोळ्यांचा खडखडाट आणि वर कर्कश लष्करी बँड. तिसऱ्या रांगेत सातव्या मशीनसमोर एक गलेलठ्ठ म्हातारा बसला होता. पायाशी गोळ्यांनी भरलेले चार ट्रे. मास्तर माझ्या कानात म्हणाले, “किनोशिता! आमचा तोफूवाला! बघा कसा लपून राहिलाय.”

ते त्याच्या कानाशी वाकले आणि त्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून जिवाच्या आकांताने ओरडले, “गुरुवारचं मला सगळं कळलंय!”

नेमका तेव्हाच बँड संपला.

शंभर माणसांनी वळून बघितलं. किनोशिता तोफूवाल्याचा चेहरा त्याच्या मालासारखा पांढरा पडला. त्याचा पाय लागला आणि चारही ट्रे आडवे झाले. पोलादी गोळ्या चहूकडे धावल्या. एक आजीबाई घसरल्या, त्यांना धरायला गेलेला कामगार घसरला, त्याला धरायला गेलेले मास्तर घसरले. आठ भाग एकदाही न बुडालेला माणूस तिथे पार आडवा झाला.

बाहेर आल्यावर तोफूवाल्याने मास्तरांचे हात धरले. “उशिओदासाहेब, पाया पडतो. बायकोला सांगू नका.”

“काय सांगू नको?”

“गुरुवारी सुलेखनाच्या वर्गाला जातो म्हणून सांगतो मी तिला. सहा वर्षं झाली. मला ब्रशसुद्धा धरता येत नाही हो!”

“पण व्हॉल्व्ह? रडार?”

“ते पण सोडून देतो! तुम्ही म्हणाल ते सोडतो!”

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या दारात रोज सकाळी चार वड्या तोफू येऊन पडायला लागला. मास्तरांनी परत पाठवला तर सहा आल्या. गप्प बसण्याचा भाव कमी पडला असं त्याला वाटलं असणार.

मी हात टेकून ऑफिसात येऊन बसले. समोर कार्डांचा गठ्ठा होता. तोगावासाहेबांना कमांडरच्या स्तुतीची कार्डं वेगळी काढून हवी होती, ती मी काढत होते. आणि मग दिसलं. एवढे दिवस ते कार्ड हातात घेऊन हिंडत होते आणि दिसलं नव्हतं.

जांभळ्या शाईचं कार्ड हिरवट होतं. बाकी सगळी पांढरी.

आठव्या भागाच्या वेळी छापखान्याने पहिली बारा कार्डं चुकून भलत्याच कागदावर छापली होती, फिक्कट हिरव्या. तोगावासाहेब काही फेकत नाहीत. करीसोबतच्या लोणच्याच्या पुड्यासुद्धा त्यांच्या खणात आहेत. ती बारा कार्डं घातलेल्या बारा प्रती दुकानात पाठवल्याच नाहीत. दोन आमच्या कपाटात आणि दहा लेखकाच्या फुकट प्रती म्हणून. आमच्या दोन मी उघडून बघितल्या. कार्डं जागेवर.

मी मास्तरांना फोन लावला. “तुमच्या दहा प्रती कुणाकुणाला दिल्यात?”

“कुणालाच नाही. जिन्याखालच्या कपाटात आहेत. आमच्या घरात कोण वाचतंय? बायको म्हणते, जहाजं बुडताना मला मळमळतं.”

“जाऊन मोजा.”

फोनवर परत आले. “दहाच आहेत.”

“आतली कार्डं?”

बराच वेळ नुसती पानं फडफडल्याचा आवाज. मग बारीक आवाजात, “नऊ. बाई, मागच्या सगळ्या भागांतलं पण एकेक गेलंय. माझ्या घरात चोर येतो.”

“चोर येऊन पुस्तक ठेवतो आणि नुसतं कार्ड नेतो?”

“नौदलाचा माणूस आहे. काहीही करेल.”

मी फोन ठेवला आणि सरळ त्यांचं घर गाठलं.

मास्तर घरजावई. उशिओदा हे आडनावही बायकोकडचं. घर सासूचं, खाली सासूचं सुई-दोरा-बटणांचं दुकान, वर मास्तरांचं आरमार. मी त्या घरी आजवर पन्नास वेळा गेले असेन. दरवेळी दुकानातून आत शिरताना ‘नमस्कार आजी’ म्हणायचं आणि थेट जिना चढायचा. त्या दिवशी पहिल्यांदा दुकानात थांबले. बटणांच्या दोनेकशे छोट्या पेट्या. प्रत्येक पेटीवर भावाची चिठ्ठी.

जांभळी शाई. बारीक अक्षर.

जो माणूस नुसत्या सावलीवरून साठ युद्धनौका ओळखायचा, तो रोज चार वेळा या अक्षरासमोरून जात होता. आणि पन्नास वेळा मीही.

हात्सुनो आजी गल्ल्यामागे बसून कुणाच्या तरी मोज्याचा उसवलेला धागा चिमट्याने ओढत होत्या. दोन्ही हातांत दोन चिमटे. वर न बघता म्हणाल्या, “वर आहेत जावईबापू. येरझाऱ्या घालतायत. माझ्या डोक्यावर धूळ पडतेय.”

“आजी,” मी हिरवं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. “तिसरी रांग, सातवी जागा.”

त्यांनी मोजा बाजूला ठेवला. जराही दचकल्या नाहीत. “आठ भाग लागले तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही रडार शोधायला निघालात.”

मी जिन्याशी जाऊन मास्तरांना हाक मारली. ते उतरले, कार्ड बघितलं, पेट्या बघितल्या, परत कार्ड बघितलं. मग शेवटच्या पायरीवर मटकन बसले.

“आई? तुम्ही? पण तुम्ही तर... तोंडावर का नाही बोललात?”

“घरजावयाला तोंडावर टाकून बोलू नये असं माझ्या आईने सांगितलंय. कार्डावर बोलू नये असं नव्हती म्हणाली.”

“आणि वय पंधरा लिहिलंत!”

“त्या जागेवर बसायची तेव्हा जेवढी होते तेवढं लिहिलं. आता पासष्टाची झाले म्हणून तिथे कोण बसायला देतंय मला?”

मास्तरांचे डोळे हळूहळू मोठे झाले. माणूस भोळा, पण हिशेबाला पक्का. “तुम्ही व्हॉल्व्हच्या कारखान्यात होतात.”

“शाळेतून उचलून नेलं होतं. अख्खा वर्ग. वाकून वाकून डोळे गेले. तुम्ही आठ भाग मिश्रधातू मिश्रधातू करताय. व्हॉल्व्ह का जळायचे ठाऊक आहे? आम्ही उपाशी होतो. हात कापायचे. तार वाकडी बसायची. तुमच्या शिराताकाने काहीही शोधलं तरी बसवणार कोण? आम्हीच ना?”

“असं कुठल्याच पुस्तकात...”

“पुस्तकं लिहिणारे कुठे बसले होते तार बसवायला!”

तेवढ्यात मास्तरांची बायको मिसाओ आतून आली. हातात परात, परातीत तोफू. “आई, आजच्या आठ वड्या आल्यात. आता काय करू? परवाचाच संपला नाहीये.” आमचे चेहरे बघून तीही थांबली.

आजींनी तिच्याकडे बोट दाखवलं. “हिला बघा, जावईबापू. तुमच्या पान एकशे बेचाळीसला कमांडर येतो. तो खरा आला होता. बुधवारीच. वॉर्डाच्या इतिहासात एक ओळ आहे त्याची, तिथूनच तुम्ही उचललंय. पण त्यात हे नाही की त्याला सर्दी झाली होती. आम्हाला शिंकायची बंदी आणि तो व्हॉल्व्हवर शिंकत शिंकत भाषण ठोकत होता. गुरुवारची सुट्टी रद्द. आम्ही ‘सुट्टी नको’ म्हणालो नाही. कुणी विचारलंच नव्हतं.”

आजींनी मोजा परत हातात घेतला.

“गुरुवारी दुपारी बॉम्ब पडले. सोयाची पेंड खाऊन माझं पोट बिघडलं होतं. मी संडासात होते, अंगणाच्या पलीकडे. म्हणून मी आहे. म्हणून ही आहे. कियो माझ्या शेजारी बसायची, सहाव्या जागेवर. म्हणाली, जा तू, तुझे दोन व्हॉल्व्ह मी करून ठेवते.” आजींनी चिमटा उचलला, परत ठेवला. “आता तुमच्या पुस्तकात बघा. संडासाचा उल्लेखच नाही. ‘चाळीस मुली हसतमुखाने.’ चाळीसच होतो आम्ही. म्हणजे तुम्ही मलापण मारलंय. मी मेले म्हणजे मिसाओ जन्मली नाही. मग तुम्ही लग्न कुणाशी केलंत? आणि हा तोफू कोण शिजवणार?”

“अय्या,” मिसाओ म्हणाली आणि परात गल्ल्यावर ठेवली. “म्हणजे तुम्ही मला आठव्या भागात मारलंत?”

“नाही गं! तू... तू जन्मलीच नाहीस. मारण्याचा प्रश्नच...”

“फार बरं वाटलं ऐकून!”

मास्तर कपाळ धरून बसले होते. पण ते बायकोला घाबरले नव्हते, मी ओळखते त्यांना. आपल्या हिशेबात एवढं मोठं भोक निघालं, याने ते हादरले होते. उठले, दुकानात येरझाऱ्या घालायला लागले. तीन पावलं, बटणं, वळायचं, तीन पावलं, दोरे.

“आई, तुम्हाला काय हवंय? नवव्या भागात एखादं स्मारक दाखवतो. कमांडर फुलं वाहतो तिथे.”

“शिंकेल तो.”

“मग काय?”

“कार्डावर लिहिलंय. गुरुवारी सुट्टी द्या.”

“पण आई, तो दुसरा बदल होईल! माझा नियम आहे. एका युद्धात एकच बदल!”

“जावईबापू,” आजी म्हणाल्या, “तुम्ही कागदावर अख्खं आरमार वर काढलंत. बुडालेली जहाजं, मेलेले ॲडमिरल, सगळे. मी पहिल्या भागापासून वाट बघतेय. म्हटलं, एवढं सगळं परत आणतोय हा माणूस, तर कधीतरी तो गुरुवार येईल, आणि हा नुसती एक सुट्टी देईल. तर तुम्ही काय केलंत? तोच माणूस परत बाकावर चढवलात. आणि आमच्या तोंडी ‘सुट्टी नको’ घातलंत.”

मास्तरांनी जिन्याकडे बघितलं. वर खिडकीत मास्तरांची साठ मॉडेल जहाजं उभी होती, पण तिथे जाऊन लपायची सोय नव्हती.

“आठवा भाग छापून झालाय,” शेवटी मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. “बाजारात आहे. छापलेला गुरुवार कसा बदलायचा?”

आणि मूर्खासारखी मी बोलून गेले, “दुसरी आवृत्ती पुढच्या आठवड्यात छापायला जातेय. त्यात शुद्धिपत्र घालता येतं.”

शुद्धिपत्र म्हणजे छापील चुकांची चिठ्ठी. ‘पान अमुक, ओळ तमुक, डावे ऐवजी उजवे वाचावे.’ बोटाएवढा कागद. आजवर कुणी त्यावर महायुद्ध फिरवलं नव्हतं.

मास्तर तिथेच गल्ल्याशी बसले. आजींनी जांभळी शाई दिली. पहिली ओळ लगेच झाली:

‘पान १४२, ओळ ३ पासून पान १५१ अखेरपर्यंत: सर्व मजकुराऐवजी “गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. मुलींनी विश्रांती घेतली. दुपारी रिकाम्या इमारतीवर बॉम्ब पडले” असे वाचावे.’

मला वाटलं, सुटलो. मी उठले.

“थांबा बाई,” मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून आकडेमोडीची सरकती गणकपट्टी काढली. “सुट्टी होती म्हणजे ऐंशी व्हॉल्व्ह बनले नाहीत. मग ट्रक रिकामा. पान एकशे अठ्ठ्याऐंशीला तीन विनाशिकांची रडार बंद.”

“मास्तर, तेवढं चालतं हो! कोण मोजतंय?”

“मी मोजतेय,” आजी म्हणाल्या.

शुद्धिपत्र वाढत गेलं. पान १९०: ‘शत्रू दिसला’ ऐवजी ‘शत्रू दिसला नाही’ वाचावे. पान १९७: ‘अचूक नेम’ ऐवजी ‘अंदाजे नेम’ वाचावे. मास्तर घामाघूम, पण हात थांबेना. इतके दिवस अडकलेला माणूस धावत सुटला होता. प्रत्येक ओळीला विव्हळायचे, आणि लिहायचे. पान २०३ आलं तसे ते उठून दाराबाहेर गेले, रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, परत आले आणि डोळे मिटून लिहिलं: ‘ “कमांडर शिराताकांनी दुर्बीण खाली ठेवली” ऐवजी “कमांडर शिराताका जहाजासह बुडाले” असे वाचावे.’

“अरेरे,” मिसाओ म्हणाली. “दिसायला बरा होता.”

“शिंकला असेल,” आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तोगावासाहेबांनी ते दोन पानी शुद्धिपत्र तीनदा वाचलं. “हिरामात्सु, आपण पान दोनशे दहाला जिंकायचो ना?”

“हो साहेब. आता ‘विजयघोष’ ऐवजी ‘धूर’ वाचायचंय.”

“छपाईची चूक म्हणून आपण हिरो मारला? चुकांच्या चिठ्ठीत?”

“मास्तर म्हणतात, हे घातलं तर नववा भाग वेळेत. नाहीतर कधीच नाही.”

साहेब खिडकीशी गेले, परत आले, खणातली लोणच्याची पुडी काढून फोडली आणि तशीच खाल्ली. ते फार हललेत की असं करतात. मग म्हणाले, “पण का? एवढं कशासाठी?”

मी सांगितलं. संडास, सहावी जागा, दोन व्हॉल्व्ह. साहेब रडले. या वेळी खाली करीत कांदा घातला नव्हता, मी मुद्दाम बघून आले होते.

शुद्धिपत्र छापलं. चार दिवसांत कार्डांचा पाऊस पडला. ‘कमांडर परत आणा.’ ‘ऐंशी व्हॉल्व्ह कमी पडले तर राखीव साठा कुठे होता?’ ‘एका सुट्टीने आरमार बुडतं?’ एकाने अख्खं पुस्तक परत पाठवलं, सोबत कमांडरसाठी उदबत्ती. आणि ज्यांच्याकडे आधीच आठवा भाग होता ते शुद्धिपत्रासाठी परत दुसरी आवृत्ती घ्यायला लागले, तेव्हा तोगावासाहेब म्हणाले की ही कल्पना मुळात त्यांचीच होती.

त्या गठ्ठ्यात जांभळं कार्ड होतं. मी ते आधी एकटीने वाचलं, मग मास्तरांकडे घेऊन गेले. ते वर होते, येरझाऱ्या घालत. हिरो बुडालेला, आरमार आंधळं, नवव्या भागात करायचं काय? खाली आजी मोजे दुरुस्त करत होत्या. मी त्यांच्यासमोरून जिना चढले आणि कार्डाविषयी दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. घरातला नियम तो नियम.

मास्तरांनी कार्ड वाचलं. खिडकीत जाऊन परत वाचलं.

‘शुद्धिपत्र मिळालं. त्यात एक चूक आहे. “मुलींनी विश्रांती घेतली” असं लिहिलंय. विश्रांती कसली? कियोला केस धुवायचे होते, महिनाभर धुतले नव्हते. नदीवर जायचं ठरलं होतं. पाणी मी ओतणार होते. दुरुस्त करावे.’

खाली वय, पंधरा. आणि नावाच्या जागी: ‘तिसरी रांग, सहावी व सातवी जागा.’

“शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र,” मास्तर म्हणाले. “असं असतं का हो?”

“आजवर नव्हतं.”

त्यांनी टेबलावरची जहाजं हाताने एका बाजूला सारली. तीन-चार खाली पडली, एकाची डोलकाठी मोडली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. कोरा कागद ओढला.

“एप्रिलमध्ये नदीचं पाणी थंड असतं,” ते पुटपुटले. “किती थंड, ते बघावं लागेल. आणि बादली की तांब्या?” मग जिन्यावरून खाली वाकून, आठ भागांत पहिल्यांदाच, त्यांनी छापण्याआधी विचारलं, “आई! बादली होती की तांब्या?”

खालून चिमट्याचा आवाज थांबला.

“भात शिजवायचं पातेलं,” आजी म्हणाल्या. “आणि झाकण नव्हतं त्याला. उगीच झाकण लिहाल.”